वेब्ली सीनियर एअर पिस्तुलाच्या बदली ग्रिप्स: वापरानंतरचा अनुभव

हवेच्या दाबाने छरे मारणारी जुनी एअर पिस्तुले जमवणाऱ्याला आज ना उद्या ग्रिपचा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंना स्क्रूने बसणाऱ्या पॅनेलच्या जोडीचा, प्रश्न भेडसावतोच. साठ-सत्तर वर्षांनंतरही पोलाद शाबूत असते, स्प्रिंग नवी मिळते आणि वॉशर कापून बसवता येतो. ज्या बेकलाइट नावाच्या जुन्या कडक प्लास्टिकच्या ग्रिप्स असतात, त्याचे मात्र तसे नाही. ते एकदा घट्ट झाले की उष्णतेने पुन्हा वितळत नाही, त्यामुळे तडकलेला तुकडा वितळवून सांधण्याचा मार्गच उरत नाही. माझ्याकडचे वेब्ली सीनियर 1950 च्या दशकातले, 4.5 मि.मी. छऱ्याचे आहे आणि ते विकत घेतले तेव्हाच त्याच्या डाव्या पॅनेलला स्क्रूच्या भोकापासून मागच्या कडेपर्यंत तडा गेलेला होता. इंग्लंडमध्ये राहत असल्यामुळे पिस्तूल मिळणे अवघड गेले नाही, पण ग्रिपने पुरता पिच्छा पुरवला. गेल्या हिवाळ्यापासून रेझिन, अक्रोडाचे लाकूड आणि थ्रीडी प्रिंट अशा तीन जोड्या मी आलटून पालटून वापरत आहे.

खरेदीपूर्वी थोडा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने पहिले एअर पिस्तूल, म्हणजे मार्क वन, 1924 मध्ये आणले. 1929 मध्ये ज्युनियर आले, ज्याच्या सुरुवातीच्या नगांवर पत्र्याच्या ग्रिप्स असत. आणि 1930 मध्ये सीनियर बाजारात आले. महायुद्धापूर्वीच्या सीनियरची मूठ जवळजवळ सरळ होती, युद्धानंतर ती तिरपी झाली आणि 1964 मध्ये सीनियरची जागा प्रीमियरने घेतली. सरळ मुठीची ग्रिप तिरप्या मुठीला बसत नाही. तरीही विक्रेते जाहिरातीत नुसते ‘वेब्ली सीनियर’ एवढेच लिहून मोकळे होतात. म्हणून आपल्या पिस्तुलाचा बाजूने काढलेला फोटो आधी पाठवून खात्री करून घेतलेली बरी.

या पिस्तुलात ग्रिपवर एवढा ताण का येतो, हे त्याच्या रचनेत दिसते. नळी सिलिंडरच्या वर असते आणि पुढच्या टोकाशी बिजागरीने जोडलेली असते. पिस्तूल कॉक करताना, म्हणजे झाडण्यासाठी आतली स्प्रिंग दाबून अडकवताना, ती वर उचलून पुढे रेटावी लागते आणि तेवढ्याच जोराने उजव्या हाताने मूठ धरून ठेवावी लागते. चाप ओढल्यावर दट्ट्या नेमबाजाच्या दिशेने मागे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्तूल हातात हलू लागते. म्हणजे मूठ प्रत्येक वेळी सारख्याच पकडीत आली नाही, तर छरे एका जागी पडण्याची आशा धरू नये. पॅनेल केसभर जरी सरकत असले तरी ते लक्ष्यावर दिसते.

पहिली जोडी काळ्या रेझिनची, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची, साधारण पंचवीस पौंडांची होती. समोरून ती इतकी हुबेहूब होती की चौकडीची नक्षी आणि कंपनीचे बोधचिन्हही अचूक उतरले होते. अडचण मागच्या बाजूला होती. अशा ग्रिप्स मूळ पॅनेलवरून साचा घेऊन ओततात. मूळ बेकलाइट इतक्या वर्षांत किंचित आकसलेले असते आणि घट्ट होताना रेझिनही थोडे आकसते, त्यामुळे नक्कल मूळ मापापेक्षा अंमळ लहानच निघते. माझ्या जोडीत मागच्या कडेला फ्रेमचे पोलाद उघडे राहत होते आणि तळहाताला ती कड सतत जाणवत होती. दोन-तीन महिन्यांनी स्क्रूच्या भोकाजवळ आतला हवेचा बुडबुडा फुटून खळगा पडला, तेव्हा तिथे पातळ वॉशर घालावा लागला. नक्षीची टोकेही लवकर गुळगुळीत झाली. कपाटात मांडून ठेवण्याच्या पिस्तुलाला ही जोडी शोभेल, पण दर आठवड्याला नेमबाजी करणाऱ्याने तिच्यावर पैसे घालवू नयेत.

अक्रोडाच्या जोडीला साठ पौंडांहून थोडे जास्त पडले आणि ती एका कारागिराने हाताने घडवली होती. पॅनेल मुद्दाम जाडसर ठेवलेले असल्यामुळे ते जसेच्या तसे बसणार नव्हते, आणि मला तेच हवे होते. फ्रेमला काजळाचा अगदी पातळ थर द्यावा, पॅनेल त्यावर हलकेच दाबून उचलावे आणि लाकडावर जिथे काळा डाग उठेल तेवढाच भाग बारीक सँडपेपरने घासावा. हे पुन्हा पुन्हा करत गेले की डाग ठिपक्यांऐवजी सलग पसरू लागतात आणि पॅनेल हलायचे थांबते. बंदुका दुरुस्त करणारे कारागीर यासाठी काजळीच वापरतात. मी आईने भारतातून पाठवलेल्या काजळाच्या डबीवर काम भागवले. घाई करून एकदम जास्त घासले तर लाकूड परत येत नाही, त्यामुळे ही जोडी बसवायला एक अख्खा शनिवार राखून ठेवावा.

नीट बसल्यानंतरचा फरक मात्र पैसे वसूल करणारा आहे. मूठ रुंद झाल्यामुळे तळहात भरतो, मधले बोट चापाच्या कड्याखाली दर वेळी त्याच जागी येते आणि कॉक करताना हात घसरत नाही. दहा मीटरवर पूर्वी इकडेतिकडे पडणारे छरे आता एकमेकांच्या बरेच जवळ पडतात. यात माझा सराव किती आणि ग्रिप किती हे वेगळे काढता येणार नाही, पण रेझिनची जोडी पुन्हा चढवली की छऱ्यांचा गट लगेच सैलावतो, तेव्हा ग्रिपचा वाटा निश्चित आहे. उणिवाही आहेत. हिवाळ्यात घरात हीटिंग सुरू झाल्यावर लाकूड सुकून मागच्या कडेला नख जाईल एवढी फट पडली, आणि वसंतातल्या दमट हवेत ती आपोआप मिटली. पिस्तूल उभे ठेवले तर सिलिंडरमधले तेल झिरपत खाली येते आणि लाकडाच्या वरच्या कडेला काळपट डाग पडतो. आडवे ठेवल्यापासून तो वाढलेला नाही. लाकडाला आतून-बाहेरून बेल तेलाचे, म्हणजे जवसाच्या उकळलेल्या तेलाचे, दोन हात दिले तर ओल आणि तेल दोन्ही कमी शोषले जातात. आतली बाजू कोरडी सोडणारे बरेच असतात आणि लाकूड तिथूनच वाकते.

थ्रीडी प्रिंटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माप अचूक, किंमत सर्वांत कमी, पण थरांच्या रेघा बोटांना बोचतात. शिवाय नेहमीचे पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत राहिलेली ग्रिप वाकडी होऊ शकते. लाकडाची जोडी बनवून घेण्यापूर्वी आकार हाताला रुचतो का, हे पाहण्यासाठी मात्र ती उत्तम आहे, आणि माझ्या जोडीचा उपयोगही मी तेवढाच केला.

स्क्रूबाबत एक सूचना. या पिस्तुलाचे आटे जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. हाताशी असलेला मेट्रिक स्क्रू पहिले एक-दोन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि मग फ्रेममधले आटे कायमचे घालवतो. मूळ स्क्रूच वापरावा, त्याच्या खाचेत घट्ट बसेल असे पाते निवडावे आणि पॅनेल हलायचे थांबले की तिथेच हात आवरावा. बेकलाइटला तडे जातात ते बहुधा याच शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात.

मूळ तडकलेले पॅनेल मी चिकटवलेले नाही. कागदात गुंडाळून त्यावर पिस्तुलाचा क्रमांक लिहिला आणि डबीत ठेवले आहे. संग्राहकांच्या बाजारात तडकलेल्या पण मूळ ग्रिपला नव्या कोऱ्या नकलेपेक्षा जास्त मान आहे, आणि इपॉक्सी चिकटद्रव्य एकदा लावले की ते स्वच्छ निघत नाही. जेम्स बॉण्डच्या जाहिरातीसाठी शॉन कॉनरीच्या हातात दिलेले वॉल्थर एलपी 53, जे प्रत्यक्षात एअर पिस्तूलच होते, 2010 मध्ये लंडनच्या लिलावात अडीच लाख पौंडांच्या वर गेले. आपल्या कपाटातल्या पिस्तुलाचे तसे काही होणार नाही, तरी मूळ भाग फेकून देण्याचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये व्यापाऱ्याकडून एअर पिस्तूल घेताना ते समोरासमोर ताब्यात घ्यावे लागते, ग्रिप्सना मात्र ते बंधन नाही आणि त्या टपालाने सहज येतात. मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडे पॅनेलच्या मागच्या बाजूचा फोटो मागावा. मी ज्यांच्याकडे तो मागितला त्यांपैकी काहींनी उत्तरच दिले नाही, आणि त्यांच्याकडून मी काही घेतलेही नाही.