डेटा खुला ठेवायचा, अर्ज तपासून द्यायचा, की ‘मागितल्यास देऊ’ म्हणायचं?

शोधनिबंध पाठवताना बऱ्याच जर्नलांत आता एक रकाना भरावाच लागतो: तुमचा डेटा इतरांना कुठे आणि कसा मिळेल? उत्तरं साधारण तीन. खुल्या रिपॉझिटरीत, म्हणजे डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायचा म्हणजे कुणीही उतरवून घेईल. नियंत्रित रिपॉझिटरीत ठेवायचा म्हणजे अर्ज तपासूनच मिळेल. किंवा ‘वाजवी विनंती केल्यास लेखकाकडून मिळेल’ असं लिहायचं. निबंध एकदाचा पाठवण्याच्या घाईत तिसरं उत्तर हमखास निवडलं जातं, कारण त्या दिवशी त्यासाठी काहीच करावं लागत नाही. माझ्या मते तिन्हींत नैतिकदृष्ट्या सगळ्यात कच्चं उत्तर तेच आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

२०२२ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल एपिडेमिऑलॉजी’त एक पाहणी आली. ‘डेटा देऊ’ असं छापलेल्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखरच डेटा मागितला गेला. दिला फक्त १२२ जणांनी. बाकीचे सगळे लबाड होते असं मुळीच नाही. ईमेलचा पत्ता बदलतो, ज्या विद्यार्थ्याने फाइल नीट लावली होती तो लॅब सोडून जातो, जुना संगणक मोडीत निघतो. २०१४ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त ५१६ निबंधांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा डेटा शाबूत असण्याचे ऑड्स (असण्याच्या शक्यतेचं नसण्याच्या शक्यतेशी गुणोत्तर) निबंधाच्या वयाच्या दर वर्षामागे १७ टक्क्यांनी घसरताना दिसले.

पण हरवण्यापेक्षाही मला खटकतं ते वेगळंच. डेटा कुणाला द्यायचा हे इथे तोच ठरवतो, ज्याचं काम तपासलं जाणार असतं. ओळखीच्या प्राध्यापकाला फाइल मिळते. निष्कर्षावर शंका घेणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याच्या मेलला उत्तरच जात नाही. उलट उदाहरणंही आहेत. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा निबंध जगभर गाजला होता. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मागितल्यावर लेखकांनी आपली एक्सेल शीट त्याला दिली, आणि सरासरी काढताना पाच देश सुटल्याचं २०१३ मध्ये उघड झालं. लेखकांनी ती दिली ही चांगलीच गोष्ट. पण तपासणी कुणाच्या दिलदारपणावर अवलंबून असू नये.

खुला पर्याय निवडताना सगळ्यांना एकच भीती असते: वर्षानुवर्षं राबून जमवलेल्या डेटावर दुसराच निबंध छापेल. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या संपादकीयात अशा वापरकर्त्यांसाठी ‘संशोधनातले परजीवी’ हा शब्दप्रयोग आला आणि त्यावर मोठं वादळ उठलं. शब्द अन्यायाचा होता, भीती मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय डेटा दडवणं नाही, मुदत ठरवणं आहे. जनुकशास्त्राने हा प्रश्न पूर्वीच हाताळला. १९९६ च्या बर्म्युडा तत्त्वांनुसार मानवी जनुकक्रम २४ तासांत खुला करायचा होता. २००३ च्या फोर्ट लॉडरडेल समझोत्याने डेटा लवकर खुला ठेवूनही, पहिलं सर्वंकष विश्लेषण छापण्याची संधी तो तयार करणाऱ्यांना मिळावी हा संकेत घातला. आज बऱ्याच रिपॉझिटरींत ठरावीक तारखेलाच फाइल खुली होण्याची सोय असते. ती जरूर वापरा.

लायसन्सवर, म्हणजे डेटा कोणत्या अटींवर वापरता येईल यावर, फार अडू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय’ या लायसन्समध्ये श्रेय देणं कायद्याने बंधनकारक असतं, ‘सीसी झिरो’मध्ये नसतं, पण डीओआय (डेटाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) देऊन डेटाचा संदर्भ देणं हे अभ्यासकाचं कर्तव्य दोन्हीकडे तेवढंच. ‘सहलेखक करा, मग देतो’ ही अट मात्र घालू नये. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार लेखनात सहभाग आणि निबंधाची जबाबदारी घेतल्याशिवाय, नुसता डेटा पुरवून कुणी लेखक ठरत नाही.

आता नियंत्रित पर्याय. डेटा माणसांबद्दल असेल तर हिशोबच बदलतो, कारण तेव्हा तो पूर्णपणे तुमचा नसतोच. नाव खोडलं की झालं, हा समज संगणकशास्त्राच्या अभ्यासक लटान्या स्वीनी यांनी १९९७ मध्येच मोडला: जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवून त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. २०१३ च्या मार्चमध्ये हेन्रिएटा लॅक्स या दिवंगत अमेरिकन महिलेच्या, प्रयोगशाळांत आजही वाढवल्या जाणाऱ्या पेशींचा जनुकक्रम कुटुंबाला न विचारता खुला केला गेला आणि आक्षेपानंतर मागे घ्यावा लागला. त्याच ऑगस्टमध्ये ठरलं की तो अर्ज करूनच मिळेल आणि अर्ज पाहणाऱ्या गटात कुटुंबातली माणसंही असतील. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या हावासुपाई या आदिवासी लोकांचं दुखणं आणखी खोल. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांनी दिलेले रक्ताचे नमुने स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासातही वापरले गेले. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या नियामक मंडळाने तडजोडीत ७ लाख डॉलर दिले आणि नमुने परत केले गेले. एकाही व्यक्तीची ओळख फुटली नाही, तरी अख्ख्या समूहाचा विश्वास मोडू शकतो.

नियंत्रणाला खर्च आहे. अर्ज वाचायला माणसं लागतात, संशोधक महिनोन्‌महिने ताटकळतात. पाच लाख लोकांचा डेटा सांभाळणारी यूके बायोबँक हे पेलते, छोट्या लॅबला ते जड जातं. म्हणून मातीचं तापमान किंवा ताऱ्यांची तेजस्विता यांना कुलूप लावण्यात अर्थ नाही. तो डेटा सरळ खुला करा. माणसांच्या डेटातही कोड, चलांची वर्णनं आणि एकत्रित तक्ते खुले ठेवून फक्त मूळ नोंदी नियंत्रणाखाली ठेवता येतात. मला स्वतःला हीच वाट सर्वांत रास्त वाटते.

मात्र निवड करण्याआधी संमतीपत्र काढून वाचा. त्यात ‘फक्त याच अभ्यासासाठी’ असं लिहिलं असेल, तर खुला पर्याय तुमच्यापुढे नाहीच. नैतिकता समितीकडे आणि शक्य असल्यास सहभागींकडे परत जावं लागेल. पुढचा अभ्यास आखत असाल, तर पुनर्वापराचं कलम पहिल्या सहभागीची सही घेण्याआधी साध्या भाषेत घाला.

आणि एखाद्या करारामुळे ‘मागितल्यास देऊ’ असंच लिहावं लागत असेल, तर स्वतःच्या मेलऐवजी संस्थेच्या कार्यालयाचा कायमचा पत्ता द्या, कोणत्या अटींवर डेटा नाकारला जाईल ते लिहा, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल तेही तिथेच छापा.