ओपनडब्ल्यूआरटीसाठी स्वस्तातला राउटर: आर्चर सी६, क्युडी की जीएल आयनेट?

राउटर घेताना आपण बॉक्सवरचा एएक्स३००० वगैरे आकडा बघतो, पण ओपनडब्ल्यूआरटी (राउटरच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर) टाकायचं असेल तर आधी राउटर उलटा करून खालचा स्टिकर वाचा, तिथे बारीक अक्षरात व्हर्जन असतं आणि सगळं त्यावरच ठरतं. टीपी-लिंकचा आर्चर सी६ बघा ना, व्ही२ मध्ये क्वालकॉमची चिप आणि ८ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा), व्ही३ मध्ये मीडियाटेकची एमटी७६२१ आणि १६ एमबी फ्लॅश, बॉक्सवर नाव मात्र एकच. मी एकदा व्हर्जन न बघता एक वापरलेला राउटर घेतला होता, घरी आणून बघतो तर त्या व्हर्जनसाठी ओपनडब्ल्यूआरटीची इमेजच, म्हणजे टाकायची फाईलच नाही. आता आधी स्टिकरचा फोटो मागतो, मगच पुढचं बोलणं.

४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाले जुने डबे कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. ८ आणि ६४ वर कसंबसं चालतं पण दोन पॅकेजं टाकली की जागा संपली. निदान १६ आणि १२८ तरी पाहिजेच. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर सरळ सोडून द्या, ओपन ड्रायव्हरची बोंब आहे.

आता सी६ व्ही३ आणि शाओमी ४ए गिगाबिट, दोन्हीत एमटी७६२१, १२८ एमबी रॅम, गिगाबिट पोर्ट, आणि वापरलेले सहज मिळतात. शाओमीत टाकणं जरा कटकटीचं आहे, आधी स्क्रिप्ट चालवून आत शिरावं लागतं, आणि नुसत्या ४ए ला ४ए गिगाबिट समजून चुकीची इमेज टाकू नका, त्याची चिपच वेगळी आहे. त्यामुळे दोघांत मी सी६ व्ही३ घेईन. पण ही चिप ८८० मेगाहर्ट्झची, एसक्यूएम लावलं (म्हणजे एकजण मोठी फाईल अपलोड करत असताना दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकू नये म्हणून जे लावतात ते) की वेगवान लाईनवर ती दमते, आणि हार्डवेअर ऑफलोड (डेटा पुढे पाठवायचं काम प्रोसेसरऐवजी चिपमधल्या वेगळ्या भागाकडे देणं) चालू करून पण उपयोग नाही कारण मग एसक्यूएमच बाजूला पडतं. लाईन १०० एमबीपीएसच्या आसपास असेल तर मात्र काही अडत नाही.

नवीनच घ्यायचा असेल तर माझं मत क्युडी डब्ल्यूआर३००० ला. एमटी७९८१, १.३ गिगाहर्ट्झचे दोन कोर, २५६ एमबी रॅम, वायफाय ६, आणि एसक्यूएम, वायरगार्ड (व्हीपीएन) सगळं बरंच मोकळेपणाने चालतं. मला सगळ्यात आवडलं ते हे की कंपनी स्वतःच मधली एक इमेज देते, ती राउटरच्या मूळ सेटिंगच्या पानावरूनच अपलोड करायची आणि मग त्यावर ओपनडब्ल्यूआरटीची अधिकृत सिसअपग्रेड (अपग्रेडसाठीची) इमेज, हॅक वगैरे काही नाही. फ्लॅश मात्र १६ एमबीच, म्हणजे हवं तेवढंच टाका. आणि नावापुढे एस, ई, एच अशी अक्षरं असतात ती नीट बघा, प्रत्येकाची इमेज वेगळी.

हात लावायचीच भीती वाटत असेल तर जीएल आयनेट. ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं फर्मवेअर (राउटरचं सॉफ्टवेअर) आधीच असतं, आणि काही बिघडलंच तर रीसेट दाबून धरून पॉवर लावायची, कॉम्प्युटरला १९२.१६८.१.२ पत्ता द्यायचा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडलं की इमेज टाकायचं पान समोर येतं, टीएफटीपीची (नेटवर्कवरून फाईल पाठवायच्या जुन्या पद्धतीची) झटापट नाही. पण त्यांचा छोटा मँगो घराचा मुख्य राउटर म्हणून घेऊ नका, त्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि १०० एमबीपीएसचे पोर्ट. त्यांच्याच बेरिल एएक्स मध्ये वरच्या क्युडीतलीच चिप, ५१२ एमबी रॅम आणि भरपूर फ्लॅश, तरी त्यालाही पोर्ट दोनच, म्हणजे टीव्ही, प्रिंटर वायरने जोडणाऱ्याला वेगळा स्विच घ्यावा लागणार, आणि मग स्वस्तपणा गेलाच.

घरात सी६ व्ही३ आधीच असेल तर नवीन घेऊच नका, त्यावरच टाका. आणि कोणताही घेतला तरी लॅनची केबल हाताशी ठेवा, अधिकृत इमेज टाकल्यावर वायफाय बंद असतं आणि रूटला (मुख्य अ‍ॅडमिन खात्याला) पासवर्ड नसतो, तो इंटरनेटची वायर लावायच्या आधी टाकून घ्या.