वारशाने आलेला हस्तिदंती बुद्धिबळ संच आणि बदललेली घोड्यांची डोकी

आजोबांच्या मागे आमच्याकडे आलेला पांढऱ्या आणि लाल मोहऱ्यांचा बुद्धिबळ संच मुळात कशाचा आहे आणि तो विकता येईल का, हे जाणून घेण्यासाठी आम्ही तो जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे मूल्यांकनासाठी दिला. संच परत आला तेव्हा लाल बाजूच्या दोन्ही घोड्यांची डोकी बदललेली होती. अशी वस्तू ज्यांच्या घरात आहे त्यांना ही रीत माहीत असावी, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

संच स्टॉन्टन घडणीचा, म्हणजे १८४९ मध्ये लंडनमध्ये बाजारात आलेल्या आणि आज स्पर्धांमध्ये वापरल्या जाणाऱ्या घाटाचा आहे. या घाटाचे बाकीचे मोहरे बहुतांशी लेथवर उतरतात. घोड्याचे डोके मात्र हातानेच कोरावे लागते, त्यामुळे कारागिराचे खरे कसब तिथे दिसते. आमच्या संचात डोके आणि बैठक वेगवेगळी घडवून आट्यांनी जोडलेली आहेत आणि नेमके हेच त्या व्यापाऱ्याच्या पथ्यावर पडले. बैठका त्याने मूळच्याच ठेवल्या. साहजिकच मोहरा उलटा करून पाहिला की हस्तिदंताची ओळख पटवणारी, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी तळाशी दिसत होती. डोक्यावर भिंग धरल्यावर मात्र तिथे हाडातल्या सूक्ष्म पोकळ्यांचे काळसर ठिपके आणि तुटक रेघा आढळल्या. मूळ घोड्यांचा लाल रंग बोटे लागून झिजला होता आणि आयाळीच्या खाचांमध्येच गडद उरला होता. या डोक्यांवर तो सगळीकडे सारखाच होता. आम्ही आधी काढलेल्या छायाचित्रात एका घोड्याच्या कानापासून मानेपर्यंत गेलेली केसासारखी चीर स्पष्ट दिसते, ती परत आलेल्या घोड्याला नाही.

जाब विचारल्यावर संच पहिल्यापासूनच मिसळीचा असल्याचे सांगून त्याने तो अगदी कवडीमोलाने मागितला. आम्ही नकार देताच, हस्तिदंत घरात सापडला तर तुरुंगात जाल, त्यापेक्षा मी गुपचूप घेऊन टाकतो, अशी भीती घातली. हा डाव मला चोरीहूनही घातक वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताची खरेदीविक्री बंद आहे; वारशाने आलेली वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे रीतसर घोषित करून बाळगता येते, विकता मात्र येत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ चा कायदा २०२२ पासून लागू झाला असून १९१८ पूर्वीच्या असाधारण कलामूल्याच्या वस्तूंसारख्या मोजक्याच सवलती त्यात आहेत. म्हणजे गुपचूप व्यवहार केला असता, तर गुन्हेगार आम्हीच ठरलो असतो.

तापवलेली सुई टोचून परीक्षा करण्याची परवानगी कोणालाही देऊ नये, त्याचा डाग कायमचा राहतो. मूल्यांकन करणारा स्वतः खरेदीदार नसावा आणि प्रत्येक मोहऱ्याचे वजन व तळाचे छायाचित्र, त्याच्या सहीसह, पावतीला जोडलेले असावे. आमच्या पावतीवर त्याने ‘जुना बुद्धिबळ संच, एक’ एवढेच लिहिले होते आणि आता तक्रारीच्या चौकशीत तो त्याच चार शब्दांवर बोट ठेवत आहे.