फेक्सिनिडाझोल: निद्रारोगावरच्या गोळ्यांचे परीक्षण

आफ्रिकेतील निद्रारोगावर केवळ तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी उपचार करणारे पहिले औषध म्हणून फेक्सिनिडाझोलचे महत्त्व वादातीत आहे. मात्र त्याचे बळ आणि त्याबद्दलची सर्वांत मोठी चिंता, ही दोन्ही परजीवीच्या एकाच विकरात (एन्झाइममध्ये) दडलेली आहेत.

गिळलेले औषध स्वतः परजीवीला मारत नाही. त्सेत्से माशीच्या दंशातून शरीरात शिरलेल्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीजवळ नायट्रोरिडक्टेज नावाचे विकर असते. ते औषधाच्या नायट्रो गटाला इलेक्ट्रॉन पुरवते आणि त्यातून निर्माण होणारी क्रियाशील संयुगे त्याच परजीवीचा नाश करतात. या प्रकारचे विकर मानवी पेशींत नसल्यामुळे विषाचा मारा बराचसा नेमका राहतो. शिवाय यकृतात तयार होणारी औषधाची रूपे मेंदूपर्यंत पोहोचतात, आणि रोगाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे परजीवी मेंदूत शिरल्यावर, नेमकी तिथेच गरज असते.

आधीचे उपचार आठवले की या गोळ्यांची किंमत कळते. आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रॉलमुळे शंभरातील पाच ते दहा रुग्णांच्या मेंदूला गंभीर इजा होत असे आणि त्यांतील अनेक जण दगावत. एफ्लॉर्निथिन हे ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेज या विकराला कायमचे निकामी करते. मानवी शरीर ते विकर झपाट्याने पुन्हा बनवते, पण गॅम्बियन्से या ट्रिपॅनोसोमाच्या पोटप्रकारात ते फार संथपणे नव्याने बनते, म्हणून तडाख्यात परजीवीच सापडतो. परंतु हे औषध एकटे द्यायचे तर 14 दिवसांत 56 वेळा शिरेवाटे द्यावे लागे. निफर्टिमॉक्स या तोंडाने घ्यायच्या औषधाच्या जोडीने ही संख्या 14 वर आली, तरी दुर्गम खेड्यातील आरोग्य केंद्राला तेवढी सलाईन आणि परिचारिका आणायच्या कुठून?

फेक्सिनिडाझोलचा क्रम 10 दिवसांचा आहे: 35 किलो किंवा अधिक वजनाच्या रुग्णाला पहिले चार दिवस 600 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या आणि पुढचे सहा दिवस दोन. गोळ्या जेवणासोबतच घ्याव्या लागतात, अन्यथा औषध पुरेसे शोषले जात नाही. मळमळ आणि उलट्या नेहमीच्या असल्यामुळे ही अट कमकुवत रुग्णाला जड जाते, आणि आरोग्यसेवकाने समोर बसून गोळी देणे आवश्यक ठरते.

परिणामकारकतेत मात्र हे औषध थोडे मागे पडते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत 18 महिन्यांनंतर त्याचे यश सुमारे 91 टक्के होते, तर एफ्लॉर्निथिन-निफर्टिमॉक्स जोडीचे सुमारे 98 टक्के. पाठीच्या कण्यातील द्रवात प्रति मायक्रोलीटर 100 किंवा त्याहून अधिक पांढऱ्या पेशी असणाऱ्या गंभीर रुग्णांसाठी मी जोडीलाच प्राधान्य देईन.

खरी चिंता पुढची आहे. निफर्टिमॉक्सही त्याच नायट्रोरिडक्टेजवर अवलंबून असते, आणि हे विकर घटलेला परजीवी दोन्ही औषधांना दाद देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यामुळे सीपीएसएफ3 या वेगळ्याच विकराला लक्ष्य करणाऱ्या अ‍ॅकोझिबोरोलसारख्या औषधाची सोबत फेक्सिनिडाझोलला लवकर मिळायला हवी.