लातुरात फिश टँक लावताय? आधी या दुकानातून जुना स्पंज आणा

मागच्या मे महिन्यात आमच्या घरी सहा गोल्डफिश आले आणि पाचव्या दिवसापर्यंत त्यातले चार गेले. टाकी लेकीच्या वाढदिवसाची होती. चौथा मासा गेला त्या सकाळी ती टाकीपाशी जाऊन आली आणि माझ्या कॉटशेजारी नुसती उभी राहिली. एक शब्द बोलली नाही. जुलैत तीच टाकी मी पुन्हा लावली. दहाव्या दिवशी जे मासे सोडले ते आज सहा महिने झाले तरी सगळे आहेत, आणि त्यांना पिल्लंही झालीत. मधल्या काळात बदललं ते एवढंच, की मला औसा रोडच्या बाजूचं एक छोटं दुकान सापडलं. दुकानाला धड पाटी नाही. मालकाला सगळे मामा म्हणतात.

आधी पहिल्या वेळी काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण तेच करतात. टाकी दोन फुटी, रेती आणि वरची मोकळी जागा सोडली तर साठ लिटर पाणी बसतं. ऑनलाइन 'जिवंत बॅक्टेरिया'ची बाटली मागवली. आज बाटली ओता, उद्या मासे सोडा, असं तिच्यावर ठळक छापलेलं. मी तसंच केलं. मासे गेल्यावर बाटली हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. माझं मेडिकल आहे, रोज शंभर लेबलं वाचतो, ते एक मात्र घाईत राहून गेलं. त्यात बॅसिलस कुळातले जंतू होते. जुलाबावर आपण प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांमधून देतो, त्यांच्याच कुळातले. हे जंतू बीजाणू करून बसतात, म्हणून ऊन-वारा सोसतात आणि बाटलीत दोन-दोन वर्षं टिकतात. तळातली घाण, उरलेलं खाद्य ते खातात, ते खोटं नाही. पण माशाच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनिया संपवणारे जंतू वेगळे. ते बीजाणू करत नाहीत. आम्ही लसी २ ते ८ अंशांत ठेवतो आणि फ्रीज बंद पडला तर रात्री उठून धावतो. बाटलीत खरेच ते नाजूक जंतू असते, तरी मे महिन्यात बेचाळीस अंशांत नऊ दिवस कुरिअरमधून फिरून आल्यावर त्यातले किती उरले असते? थंडीत जपलेली, ताज्या तारखेची चांगली बाटली काम करते असं मी मानतो. मला मिळाली ती तसली नव्हती.

नव्या टाकीत होतं काय, तर मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि तो पाण्यातच साठतो. नायट्रोसोमोनास जातीचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. माशाच्या रक्तात ऑक्सिजन धरू देत नाही. नायट्रोस्पायरा त्याचं पुढे नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. (नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं आम्ही शिकलो होतो. १९९८ मध्ये संशोधक टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी मत्स्यटाक्या तपासल्या, तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा सापडले.) ही दोन्ही मंडळी सावकाश वाढतात. दुधात विरजण घातलं की रात्रीत दही लागतं, कारण त्या जंतूंची संख्या तासाभरात दुप्पट होते. यांना दुप्पट व्हायला अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो. म्हणून काहीच न घालता टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात.

आपल्याकडे आणखी एक अडचण. बोअरचं पाणी जड, माझ्याकडे पीएच (पाणी आंबट की खारट-तुरट ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध) आठच्या वर. पीएच ७ आणि २५ अंश असेल तर एकूण अमोनियातला शंभरात जेमतेम अर्धा भाग मारक स्वरूपात असतो. पीएच ८ आणि ३० अंशांना तोच सात-आठ भागांवर जातो. म्हणजे पाणी तपासायच्या किटवर रंग तोच दिसतो आणि विष दहा-पंधरा पट. थंड गावातली पद्धत उन्हाळ्यातल्या लातूरला लागू पडत नाही ती यामुळे.

आता दुकान. उरलेले दोन गोल्डफिश घेऊन मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मामा म्हणाले, "पाणी आणलाव का?" मी नाही म्हटलं. "मग जावा, घेऊन या. पाणी बघितल्याबिगर मी काय सांगू?" परत गेलो, कोकच्या बाटलीत पाणी आणलं. त्यांनी काचेच्या नळीत थेंब टाकले, पाच मिनिटं घड्याळ बघत थांबले. पिवळं राहायला हवं होतं ते गर्द हिरवं झालं, म्हणजे अमोनिया फार. मी नव्या बाटलीबद्दल विचारलं तर हात जोडले. "भाऊ, कशाला पैसे घालायलाव? दह्याला दही लागतंय. चालू टाकीतला स्पंज घेऊन जावा." म्हणजे फिल्टरचा स्पंज, ज्यावर हे जंतू आधीच वाढलेत.

मागच्या खोलीत चार सिमेंटचे हौद आहेत. त्यात त्यांनी स्वतः वाढवलेले गप्पी असतात आणि प्रत्येक हौदात हवेच्या पंपावर तीन-चार स्पंज फिल्टर बुडबुडत असतात. हे विक्रीच्या टाक्यांतले नाहीत, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटला. विक्रीच्या टाकीत दर आठवड्याला बाहेरगावचे मासे येतात, त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही येतो, आणि तिथला स्पंज घरी नेला तर तो आपणच विकत आणला असं होतं. हौदात मामा बाहेरचा मासा सोडतच नाहीत. दीड-दोन महिने चाललेला स्पंज असेल तरच देतात. नव्याला १२० रुपये, चालून पिकलेल्याला २००. मी दोन घेतले.

त्यांनी स्पंज उचलला तसा पाण्यात चहाच्या गाळासारखा तपकिरी ढग उठला. मी म्हटलं, धुवून द्या. ते म्हणाले, "हुंगा." हुंगलं. पहिल्या पावसानंतर काळ्या रानाचा येतो तसा मातीचा वास होता. सडका, अंड्यासारखा वास आला असता तर तो स्पंज मेलेला समजायचा, असं त्यांनी सांगितलं. मग पिशवीत हौदाचंच पाणी अर्धं, वर हवा, त्यात स्पंज. घर कुठे आहे, किती वेळ लागेल, हे विचारून घेतलं. तासाच्या आत टाकीत गेला पाहिजे, सुकता कामा नये, आणि नळाखाली तर कधीच धरायचा नाही. टँकरच्या आणि नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) असतं, ते जंतू मारायलाच टाकतात, मग ते आपले-परके बघत नाही. मी पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवलं आणि वर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले.

पुष्कळ लोक जुन्या टाकीचं पाणी घरी घेऊन येतात. त्याचा उपयोग फार थोडा. हे जंतू पाण्यात तरंगत नाहीत, स्पंजाला, रेतीला, काचेला चिकटून राहतात.

स्पंज लावला की त्यांना खायला द्यावं लागतं, नाहीतर आणलेलेही उपाशी मरतात. मामांची पद्धत म्हणजे कापडात सुकट बांधून सोडायची. चालते, पण किती अमोनिया झाला ते हातात राहत नाही, वासही येतो. मी अमोनियम क्लोराइड घेतलं. खोकल्याच्या औषधात असतं तेच, आपला नवसागर. कल्हईवाल्याकडचा घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. लॅबच्या सामानाच्या दुकानातलं शुद्ध घ्या. शेजारच्या सराफाच्या काट्यावर ४ ग्रॅम मोजलं, १०० मिलि पाण्यात विरघळवलं. त्यातलं १० मिलि माझ्या साठ लिटरला २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया देतं. टाकीत मासा एकही नाही, हे मात्र पक्कं हवं. ते दोन गोल्डफिश मामांनी वेगळ्या हौदात ठेवून घेतले, रुपयाही न घेता.

शनिवारी संध्याकाळी पहिला डोस. थेंबांचं किट मी विकत घेतलं, पट्ट्यांचा भरवसा वाटत नाही. सोमवारी अमोनिया १ वर, नायट्राइट अर्ध्यावर. बुधवारी अमोनिया शून्य, पिवळंधमक. पुन्हा डोस. गुरुवारी अमोनिया पुन्हा शून्य, पण नायट्राइटची नळी जांभळीभोर. इथे मी घाबरून फोन केला. मामा म्हणाले, "काही टाकू नका आता. पहिल्याला भूक लागायलीय, दुसरा अजून जेवायलाय." नायट्राइट फार चढलं की पुढचं काम मंदावतं, म्हणून त्यांनी थांबवलं. चार दिवस नुसता पंप चालू ठेवला. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी शेवटचा डोस टाकला, मंगळवारी संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइट आकाशी निळं म्हणजे शून्य, नायट्रेट २० ते ४० च्या मध्ये. नायट्रेटच्या किटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची, नाहीतर आकडा खोटा येतो. दोनतृतीयांश पाणी बदललं आणि गप्पी सोडले.

पाणी बदलण्याचंही बोललं पाहिजे. मासे ठेवून टाकी तयार करायची तर महिनाभर जवळजवळ रोज चौथा हिस्सा पाणी काढून टाकावं लागतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात ते मला जमणार नव्हतं आणि पटणारही नव्हतं. या पद्धतीत एकदाच पाणी काढलं, तेही कुंड्यांना घातलं. नायट्रेट झाडांना खतच आहे.

लाइट गेली की काय, हेही मामांनी आपणहून सांगितलं. या जंतूंना ऑक्सिजन लागतो. तास-दोन तासांनी बिघडत नाही, पण आमच्या भागात कधी कधी दुपारभर लाइट नसते. त्यासाठी चार्जिंगचा छोटा पंप घेऊन ठेवला.

खटकलं ते सांगतो. बिल मिळत नाही. दुपारी एक ते पाच दुकान बंद. पिकलेले स्पंज मोजकेच असतात, मला अकरा दिवस थांबावं लागलं आणि थांबण्याशिवाय दुसरा उपाय त्यांनी सुचवला नाही. स्पंजाबरोबर गोगलगाईची अंडी आली, आता काचेवर बारीक गोगलगाई दिसतात. त्यांनी आधी सांगायला हवं होतं. आणि माणूस फटकळ आहे. माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला त्यांनी मासे द्यायला नकार दिला, कारण टाकी कालच भरली होती. ते गृहस्थ चिडून गेले. मला मात्र पहिल्यांदा गोल्डफिश घेतले तिथे कुणी असा नकार दिला असता, तर फार बरं झालं असतं.

गोल्डफिश परत मागितले तर साठ लिटर त्यांना कमी पडतं म्हणून मामांनी दिले नाहीत, बदल्यात गप्पी दिले. आधी सहा, पंधरा दिवसांनी सहा प्लॅटी. दोन्ही जड पाण्यात आनंदाने राहतात. एकदम सगळे सोडायचे नाहीत, जंतू खाण्याच्या मानाने वाढतात, त्यांना वेळ द्यायचा. स्पंज महिन्यातून एकदा टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने दाबून काढतो. ते काम आता लेक करते. दाबायच्या आधी हुंगते.

जाणार असाल तर संध्याकाळी सहानंतर जा, आणि टाकीचं पाणी बाटलीत घेऊन जा. माझ्या मेहुण्यासाठी मी दोन स्पंज सांगून ठेवलेत, ते पुढच्या आठवड्यात मिळतील. त्यानंतरची खेप मामा म्हणतात महिन्याने.