बेसबॉलचा सिम्युलेशन गेम: आकडे लय भारी, कॉम्प्युटरची लाइनअप बेकार

आमच्या राजारामपुरीच्या ग्रुपला हा गेम जाम आवडतो, 162 मॅचचा सीझन, 26 जणांचं रोस्टर (म्हणजे टीममधले सगळे गडी), सगळं खऱ्यासारखं. खरं कॉम्प्युटर लाइनअप (कोण खेळणार आणि कुठल्या नंबरला बॅटिंग) लावतो तिथं डोकं फिरतं राव. समोर डावखुरा पिचर असताना एकामागं एक डावखुरे बॅटर पाठवतोय, ज्यांना त्याचा बॉल खेळायला जास्त अवघड, आणि लेफ्टीला धुणारा उजवा गडी बेंचवर, हे काय लॉजिक? पहिल्या नंबरला सगळ्यात जास्त वेळा बॅटिंग मिळते, म्हणजे तिथं बेसवर पोचणारा माणूस पाहिजे, तर हा नुसता पळायचा स्पीड बघतो, मग तो पळणारा गडी वॉक (चार खराब बॉल सोडून फुकटात मिळणारा पहिला बेस) न घेता हाणायला जाऊन आउट आणि मागच्याचा होमरन रिकाम्या बेसवर, एकच रन! कॅचरचे (बॅटरच्या मागं बसून बॉल पकडणाऱ्याचे) तर हालच, रात्रीची मॅच खेळलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी परत गुडघ्यावर बसवतोय, थकव्याची पट्टी लाल दिसत असताना. समोरची टीमपण असलीच लाइनअप लावते म्हणून जिंकून मजा येत नाही.

ग्राफिक्स ठीक. पाचातले तीन स्टार. घेणार असाल तर ऑटो लाइनअप आधी बंद करा आणि उजव्या-डाव्या पिचरसाठी दोन वेगळ्या लाइनअप स्वतः सेव्ह करून ठेवा.