थिंकपॅड एक्स२३०: एसएसडी, रॅम आणि लिनक्स मिंट बसवल्यानंतरचा अनुभव

लेनोवोने २०१२ साली बाजारात आणलेला थिंकपॅड एक्स२३० हा साडेबारा इंची पडद्याचा लॅपटॉप मुख्यतः कंपन्यांच्या कामासाठी बनवलेला होता, आणि कार्यालयांनी मोडीत काढलेली ही यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुन्या मालाच्या दुकानांत अजूनही मिळतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. एक्स२३० मध्ये प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आहे आणि टीपीएमही जुन्या १.२ आवृत्तीचे, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या हिशेबात हे यंत्र निवृत्त झाले आहे. लेखन, पत्रव्यवहार, जमाखर्च आणि मुलांचा अभ्यास एवढ्याच कामांसाठी लॅपटॉप हवा असेल, तर हा हिशेब मान्य करण्याचे कारण मला दिसत नाही.

सर्वांत आधी खर्च करावा तो एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या साठवणुकीच्या डिस्कवर. जुन्या लॅपटॉपच्या संथपणाचे खापर सहसा प्रोसेसरवर फोडले जाते. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो, कारण संगणक सुरू होताना तिच्या वाचकटोकाला शेकडो लहान फायलींसाठी तबकडीवर इकडून तिकडे जावे लागते आणि तोवर प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. एक्स२३० ची डिस्क कडेच्या झाकणाचा एक स्क्रू काढला की बाहेर सरकते, आणि तिच्या जागी साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी बसते. जाडी मात्र ७ मिलिमीटर असावी लागते, ९.५ मिलिमीटरची डिस्क या खणात जात नाही, आणि हल्लीच्या लॅपटॉपमधली पट्टीच्या आकाराची एनव्हीएमई एसएसडी घेतल्यास ती लावायला येथे जागाच नाही. हा एकच बदल केल्यावर यंत्र सुरू होण्याचा आणि ब्राउझर उघडण्याचा वेळ इतका घटतो, की पुढचे सगळे बदल त्यापुढे किरकोळ वाटतात.

रॅमसाठी तळाच्या झाकणाखाली दोन खाचा असून प्रत्येकीत ८ जीबीपर्यंतची डीडीआर३ पट्टी चालते. वर सांगितलेल्या कामांना एकूण ८ जीबी पुरते. ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब उघडे ठेवण्याची सवय असणाऱ्यांनीच १६ जीबीचा विचार करावा.

विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली या यंत्रावर फारशी खटपट न करता बसते. की-बोर्ड, ध्वनी, वायफाय आणि झाकण मिटल्यावर झोपी जाणे या गोष्टींसाठी वेगळे ड्रायव्हर शोधत बसावे लागत नाही. युनिकोड मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही की-बोर्ड मांडणी सेटिंगमधूनच जोडता येते, आणि या की-बोर्डची खोल, ठाम दाब देणारी कळ पाहता लांबलचक मराठी मजकूर टाइप करण्यासाठी हा लॅपटॉप आजच्या अनेक नव्या, चपट्या यंत्रांपेक्षा मला अधिक आवडतो. मात्र ज्यांचे दुकान टॅलीवर चालते किंवा ज्यांची डीटीपीची कामे श्रीलिपीत अडकलेली आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये, कारण ती सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहेत आणि लिनक्सवर ती चालवण्याच्या युक्त्यांवर रोजचा धंदा सोपवणे शहाणपणाचे नाही.

आता उणिवांकडे वळू. पडदा १३६६ बाय ७६८ बिंदूंचा आहे, आणि साध्या प्रकारचा पडदा असलेल्या यंत्राकडे थोडे तिरके पाहिले तरी रंग फिकटतात किंवा उलटे दिसू लागतात. तिरके पाहिले तरी रंग टिकवणारा आयपीएस पडदा असलेले एक्स२३० पुष्कळ बरे, परंतु बिंदूंची संख्या त्यातही तेवढीच. यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ व्हीपी९ स्वरूपात पाठवते आणि ते उलगडण्याची स्वतंत्र सोय या पिढीच्या ग्राफिक्समध्ये नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर पडून पंखा घोंघावू लागतो. वायफाय कार्ड बदलून वेग वाढवावा म्हटले, तर मूळ बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे आतले सॉफ्टवेअर, फक्त लेनोवोच्या मान्य यादीतली कार्डे स्वीकारते. बॅटरीची गतही तीच आहे: ओळख न पटलेली बॅटरी चार्ज करण्यास यंत्र नकार देते, म्हणून स्वस्त नकली बॅटरी येथे महागात पडते.

स्वतःच्या वापरासाठी पडदा सहन होत नसेल, तर हेच यंत्र घरातल्या फायली आणि छायाचित्रे साठवणारा छोटा सर्व्हर म्हणून उत्तम काम देते. त्यात नेटवर्कच्या तारेचे पूर्ण आकाराचे पोर्ट आहे, यूएसबी ३.० ची दोन पोर्ट आहेत, आणि वीज गेल्यावर बॅटरीच यूपीएसचे काम करते, ही सोय आपल्याकडे कमी लेखू नये. सतत तारेला जोडलेली बॅटरी लवकर खराब होऊ नये म्हणून टीएलपी या मोफत साधनाने चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवावे.

विकत घेताना दुकानातच यंत्र सुरू करून एफ१ दाबावे आणि बायोस उघडते का, ते पाहावे. कार्यालयातून आलेल्या काही यंत्रांवर बायोसला कुलूप लावणारा सुपरवायझर पासवर्ड तसाच राहिलेला असतो. तो मदरबोर्डवरील वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असल्याने आतली नाण्याएवढी बॅटरी काढून पुसला जात नाही. पासवर्ड विचारला गेला आणि विक्रेत्याला तो सांगता आला नाही, तर किंमत कितीही कमी केली तरी ते यंत्र घेऊ नये.